पैलबेटाचा देवचार

नर्मदा नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ होती. ती मागच्या दारी बसून बांगडे साफ करत होती आणि पुढच्या पडवीत तिचा सासरा आणि चुलतसासरा यांची जुंपली होती. दोघा भावांना मिळून एक होडी बांधायची होती. लाकूड अजून झाडावर होतं, सुतार अजून ठरायचा होता, पण भांडण मात्र होडी पाण्यात ढकलून, शीड चढवून पार खोल दर्यात पोचलं होतं. सुकाणूवर बसायचं कोणी? सासरा म्हणाला, मी थोरला. धाकटा म्हणाला, तुला उजव्या डोळ्याने धड दिसत नाही, तू होडी खडकावर घालशील आणि वर खडकालाच शिव्या देशील. मग नावावरून निघालं. एकाला आईचं नाव हवं, दुसऱ्याला देवीचं. आई आतल्या खोलीतच होती, तिला विचारायचं कोणालाच सुचलं नाही. शेवटी धाकटा उठला, "तुज्या होडयेक माजो पाय लागाचो नाय," एवढं म्हणून अंगणात उतरला, आणि मरेपर्यंत त्या पडवीवर परत चढला नाही.

ती होडी कधी बांधलीच नाही. फळी नाही, खिळा नाही. नर्मदेला आधी हसू आलं होतं. मग आजेसासू गेली तेव्हा धाकटा भाऊ आईच्या अंत्यविधीला रस्त्यापलीकडे उभा राहिलेला तिने पाहिला आणि तिचं हसू आटलं. खऱ्या होड्या बुडायच्या तर निदान वादळ तरी लागतं. ह्या नसलेल्या होडीने भर उन्हात दोन घरं बुडवली.

हे तिने मनात ठेवलं खरं, पण त्यातून शिकायला हवं होतं ते शिकली नाही. माणूस ऐकलेलं जपून ठेवतो आणि वेळेला नेमकं विसरतो, तसं झालं.

नर्मदेची वाडी मालवणच्या उत्तरेला, किनाऱ्याला चिकटून. नवरा जयराम होडीवरचा, पण मेला तो घरी, तापाने. दर्यावर जगणाऱ्या माणसाने अंथरुणात मरावं, याची वाडीत थोडी कुजबुजही झाली. मूलबाळ नव्हतं. मग नर्मदा सुकी मासळी करायला लागली. गोलमा म्हणजे बारीक जवळा, बांगडे, कोलंबी. वाळूवर खळं करायचं, त्यावर मासळी पसरायची आणि दिवसभर कावळे नि कुत्रे हाकत बसायचं. कामाला ताकद लागत नाही, पण डोळा लावून बसावं लागतं आणि डोळा लावून बसलेल्या बाईचं तोंड मोकळं राहतं. जुन्या जाळ्याचं नि माडाच्या झापांचं छप्पर करून त्याखाली चारपाच जणी बसत. हौसाबाई होती, नर्मदेच्या शेजारची, आवाज असा की कावळ्यांना काठी दाखवावी लागत नसे. यशोदा होती, तिला प्रत्येक गोष्टीत 'मग पुढे काय' विचारायची सवय.

अठ्ठ्याण्णव साली एका दुपारी नर्मदेने ह्या दोघींना सासऱ्याच्या त्या होडीची गोष्ट सांगितली. यशोदा म्हणाली, सुकाणूवर मी बसले असते. हौसाबाई म्हणाली, तू बसलीस तर मी उतरते. दोघींचं तिथल्या तिथे लागलं. नर्मदेला दिसलं की होडी अजून भांडतेच आहे. तिने वाळूत बोटाने होडी काढली, दोघींना त्यात बसवलं आणि म्हणाली, भांडायचं तर पाण्यात जाऊन भांडा. कुठे जायचं, हौसाबाईने विचारलं. नर्मदेने आकाशाला पाणी टेकतं तिकडे हात केला. तिकडे काय आहे? पैलबेट, नर्मदा म्हणाली. हे नाव तिला कुठून सुचलं देव जाणे. तोंडातून निघालं आणि राहिलं.

तेव्हापासून खेळ सुरू झाला. पालथी करवंटी म्हणजे मोठं बेट, तिच्याभोवती शिंपल्यांची अकरा लहान बेटं. नर्मदेने सांगायचं की होडी कुठे लागली, समोर काय आहे. जिने तिने सांगायचं मी काय करते. जमेल की नाही अशी शंका आली की कवड्या टाकायच्या. उताण्या जास्त पडल्या तर जमलं, पालथ्या जास्त पडल्या तर फसलं. आणि एक नियम नर्मदेने पहिल्या दिवशीच घातला होता. एकदा बोललं ते झालं. यशोदेने उत्साहाच्या भरात एका बेटावरची विहीर उपसून कोरडी केली, तर ती पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षीही कोरडीच. त्या बेटावरच्या लोकांना पाणी शेजारच्या बेटावरून आणावं लागे आणि ते यशोदेच्या नावाने बोटं मोडत.

पैलबेटाची भरती-ओहोटी आपल्यासारखी रोजची नव्हती. अमावास्येला पाणी उतरायचं ते पौर्णिमेपर्यंत उतरलेलं. तेव्हा एका बेटावरून दुसऱ्यावर चालत जाता येई. मग पाणी चढलं की पंधरा दिवस जो जिथे तो तिथे. म्हणून तिथली लग्नं ओहोटी संपता संपता लागत, म्हणजे नवरीला रुसून माहेरी जायला वाटच उरत नसे. ह्यावर हौसाबाई म्हणाली की पैलबेट कसलं, आमच्या सासरचंच गाव. दुसऱ्या एका बेटावर पुरुषांना दिवेलागणीआधी बोलायची मनाई होती. तिथे होडी लागली की ह्या बायका चार चार दिवस निघायचं नाव काढत नसत. एका बेटावर मीठ पिकायचं पण आळणी. एकावर मासे आपण होऊन वाळूवर चढत, पण नाव घेऊन बोलावलं तरच. चुकीचं नाव घेतलं की रागावून वर्षभर फिरकत नसत. हौसाबाई होडी हाकणारा तांडेल झाली होती, मिशीसकट. यशोदा नाक्यावरची नाकेदारीण, आल्यागेल्याची टोपली उघडून बघणारी. आणि नर्मदा कोणीच नव्हती. ती सांगणारी. वाडीत जिला कोणी फारसं विचारत नसे, तिला ह्या छपराखाली वारा कुठून आहे ते विचारल्याशिवाय कोणी शीड चढवत नसे. हे तिला आवडायला लागलं. फारच आवडायला लागलं.

गौरजा ह्या छपराखाली आली ती हौसाबाईची सून होऊन. माहेर बांद्याकडचं, नदीकाठचं. समुद्र तिने लग्नाआधी दोनदा पाहिलेला, तोही लांबून. नवरा सर्वेश दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी, गेला की आठ आठ दिवस नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर तो परत जायला लागला, तेव्हा ही रोज संध्याकाळी बावचळून काठावर उभी. हौसाबाईने तिला खळ्यावर आणून बसवलं, म्हणाली खेळ, नायतर डोळे फुटतील. नर्मदेने विचारलं, तुला पैलबेटात कोण व्हायचंय? सगळ्यांनी आजवर काही ना काही मोठं मागितलेलं. गौरजा मात्र म्हणाली, "माका वाट बघूची नाय. माजी होडी माका दी."

तेव्हा तिला एक मचवा दिला. कापसाच्या शिडाचा, एकटीने हाकायचा. महिनाभर तिने तो असा चालवला की यशोदासुद्धा गप्प बसून बघे. मग एका दुपारी कवड्या टाकल्या त्या सगळ्या पालथ्या पडल्या. मचवा धुक्यात गेला. दुसऱ्यांदा टाकल्या, पुन्हा तेच. गौरजा रडायला लागली. खेळातलं रडं नव्हतं ते, खांदे हलत होते. सर्वेशची बोट त्या वेळी दोन दिवस उशिरा होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नर्मदेने कवड्यांवर हात ठेवला. कवडी खोटी पाडायची नाही हा तिचा हट्ट होता, तेव्हा तिने दुसरी वाट काढली. म्हणाली, पैलबेटाच्या वेशीवर एक देवचार आहे. आपल्या सीमेवर जसा राखणदार देवचार काठी घेऊन फिरतो, तसा तोही, पण त्याच्या हातात काठी नाही, पांढरं कापड आहे. हरवलेल्या होडीला तो कापड हलवून पालवतो, म्हणजे काठाकडे बोलावतो, म्हणून त्याचं नाव पालवकार. त्याला हाक मारायची तर तिसऱ्या खडकापाशी, गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून. मग त्याला ऐकू जातं. गौरजाने डोळे पुसले आणि म्हणाली, मी उतरते. तांडेल हौसाबाई म्हणाली, हाक कशी मारायची? आणि नर्मदेने, त्या वेळी सगळ्यांना हसवायचं म्हणून, गाऱ्हाणं घातलं.

गाऱ्हाणं म्हणजे आपल्याकडे खेळण्याची वस्तू नव्हे. देवळात, घर बांधताना, होडी पाण्यात सोडताना कोणीतरी मानाचा माणूस उभा राहतो, देवाला नाव घेऊन बोलावतो, एकेक मागणं मांडतो आणि जमलेले लोक प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या होकारावर सगळं उभं. नर्मदेने पदर खोचला, वाडीच्या नानांसारखा घसा खाकरला आणि पालवकाराला बोलावलं. बायकांनी आधी हसत, मग हसू विसरून 'व्हय म्हाराजा' म्हटलं. कवड्या टाकल्या, उताण्या पडल्या, मचवा काठाला लागला. संध्याकाळी सर्वेशची बोटही लागली.

ते गाऱ्हाणं चाललं होतं तेव्हा नाना नेमके सुंगटं, म्हणजे सुकी कोलंबी, न्यायला आले होते. वाडीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. बाईने गाऱ्हाणं घालावं ह्याचाच त्यांना आधी राग आला, पण राग गिळून ते खाली बसले आणि नर्मदेला म्हणाले, "जेच्या नावान गाऱ्हाणा पडला, तो येऊन बसता. असलेलो असो नायतर नसलेलो. मग तेका उठवूचा कोणी?" नर्मदेने थट्टेवारी नेलं. म्हणाली, नाना, तो पैलबेटातला, त्याला एसटीने यावं लागेल. नाना हसले नाहीत.

पाचेक वर्षं गेली. पालवकार छपराखालचा झाला. कोणाची कोंबडी हरवली तर पालवकाराला सांग, कोणाचा मुलगा मुंबईहून पत्र लिहीत नाही तर पालवकाराला सांग. हौसाबाई नारळ फोडताना एक वाटी बाजूला ठेवी, थट्टेनेच, पण ठेवी. गौरजा काही ठेवत नसे. ती फक्त सर्वेश निघाला की एकदा आकाशाला टेकलेल्या त्या पाण्याकडे बघून ओठ हलवी. नर्मदेने ते पाहिलं होतं. सासऱ्याची होडी तिला तेव्हा आठवायला हवी होती. आठवली नाही.

दोन हजार नऊच्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. ज्यांनी ते पाहिलं त्यांना सांगायला नको. दर्या काळा नव्हता, राखाडी होता, आणि वाऱ्याचा आवाज येत नव्हता, घराच्या कौलांचा येत होता. बाहेर असलेल्या बोटी सापडतील त्या खाडीत शिरल्या. कोणी गोव्याकडे लागले, कोणी विजयदुर्गाच्या आडोशाला. एकेक करून निरोप आले. सर्वेशच्या बोटीचा आला नाही. बरोबरच्या बोटीवरच्यांनी सांगितलं, आम्ही ती आडवी होताना पाहिली, नंतर पाणीच पाणी. मग विजयदुर्गाखाली एक फळी लागली, तिच्यावर बोटीच्या नावाची अर्धी अक्षरं. हौसाबाई जाऊन ती बघून आली. आली ती थेट आत गेली आणि तिचा तो आवाज त्या दिवसापासून बसला तो बसलाच.

गौरजा म्हणाली, फळी म्हणजे फळी. माणूस नव्हे.

देवळात कौल लावला, तो स्पष्ट मिळाला नाही. ओरोसला जाऊन जिल्ह्याच्या कचेरीत सांगायचं होतं की माणूस हरवला आहे, त्यासाठी बायकोची सही हवी होती. साहेब भला होता, म्हणाला, "त्यांना घेऊन या, आम्ही थांबतो." गौरजा गेली नाही. तिने मंगळसूत्र काढलं नाही, जेवण मात्र सोडलं. रोज संध्याकाळी ओटीत नारळ घेऊन काठावर जाई आणि हातातला पांढरा टॉवेल हलवत उभी राही. वाडीतल्या पोरांना वाटे ती बोटीला खुणा करते. बायकांना माहीत होतं ती काय करते.

एका सकाळी ती नर्मदेच्या दारात आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. म्हणाली, कवड्या काढ आणि पालवकाराला विचार, सर्वेश कोणत्या बेटाला लागलाय. नर्मदा चुलीपासून उठली. तिने पोरीला आत बोलावलं, बसवलं, पाणी दिलं. मग जे बोलायचं ते शक्य तितक्या हळू बोलली. पालवकार कुठे नाही. ती करवंटी, ते शिंपले, तसाच तोही. त्या दुपारी तू रडत होतीस म्हणून माझ्या तोंडातून निघाला. त्याने खरा दर्या पाहिलेला नाही.

गौरजाने पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

"मगे गाऱ्हाणा कित्याक घातलंस?"

नर्मदेने तांब्या परत तिच्यापुढे सरकवला.

"आमी व्हय म्हटला ता खोटा? तूच म्हणतंस मां, एकदा बोलला ता झाला. माजो मचवो तेनी काठाक हाडलो, सर्वेशाक हाडलो. आता तू सांगतंस तो नाय म्हणून. तुज्या तोंडातसून इलो, तर तुज्या तोंडाक विचार तो खंय आसा."

एवढं बोलून ती गेली. नर्मदेने चुलीवरची पेज करपू दिली.

त्यानंतर चारच दिवस गेले असतील. संध्याकाळी ओरडा झाला. गौरजा पाण्यात उतरली होती. वाडीसमोर तीन खडक आहेत, खरेच आहेत, नर्मदेने पैलबेटाच्या वेशीला आपल्या समोरचेच खडक दिले होते. पहिल्यापाशी गुडघा, दुसऱ्यापाशी कंबर. तिसऱ्यापाशी गळा, तेही ओहोटीला. पाणी तर चढत होतं. ती टॉवेल वर धरून हाका मारत होती. जाळी ओढणाऱ्या दोघांनी उड्या घेतल्या आणि तिला केसांनी धरून आणलं. ती त्यांना ओरबाडत होती, म्हणत होती आता ऐकू गेलं असतं, एवढ्यात तुम्ही आलात.

हौसाबाई ओल्या सुनेला घरात निजवून नर्मदेकडे आली. अकरा वर्षं जिच्याबरोबर दर्या पालथा घातला, तिच्या दारात हौसाबाई बसली नाही. बसक्या आवाजात एवढंच म्हणाली, "झील गेलो. आता सून जातली. तुजो देव तू काढ."

नर्मदा रात्रभर तळमळली. 'तो नाही' असं सांगून बघितलं होतं. नाही म्हटल्याने तो गेला नव्हता, उलट गौरजा गळ्याएवढ्या पाण्यात गेली होती. ती सकाळी नानांकडे गेली. नाना आता थकले होते, अंगणात उन्हाला बसून असत. त्यांनी 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही, ह्यातच त्यांचा मोठेपणा. विचार करून म्हणाले, बसवला तसाच उठवायचा. तेच तोंड, तीच माणसं, तीच जागा. ज्यांनी तेव्हा व्हय म्हटलं त्या सगळ्यांनी आता व्हय म्हणायला हवं. एक जरी गप्प राहिली तरी तो तिच्यासाठी राहणार. नर्मदेने विचारलं, गौरजा नाही म्हणाली तर? नाना म्हणाले, मग तुझा इलाज संपला.

दुपारी छपराखाली सगळ्या जमल्या. मासळी त्या दिवशी पसरलीच नव्हती. कावळे नुसतेच येऊन बसले, बघत. यशोदा गौरजेला हाताला धरून घेऊन आली. गौरजा आली ती एकाच आशेने, की नर्मदा शेवटी कौल घेणार. तिच्या खांद्यावर तो टॉवेल होता. नर्मदेने पालथी करवंटी ठेवली, भोवती शिंपले मांडले, कोरड्या विहिरीचं बेट, आळणी मिठाचं, पुरुषांनी गप्प बसायचं. मांडताना तिचे हात नेहमीसारखेच चालले. कवड्या मात्र कमरेच्या पिशवीतून काढल्या नाहीत. ती उभी राहिली. ह्या वेळी नानांची नक्कल नव्हती, आवाज तिचा स्वतःचा होता, जरा चिरका.

"बा पालवकारा म्हाराजा. आमी बायलांनी वेळ जावचो म्हणान तुका बोलयला. तू इलंस. आमच्यो खेळातल्यो होडयो काठाक लावलंस. हेचो आमी उपकार मानतव."

"व्हय म्हाराजा," हौसाबाई म्हणाली, यशोदा म्हणाली, बाकीच्या म्हणाल्या. गौरजाही म्हणाली, पटकन, पुढचं ऐकायच्या घाईने.

"खऱ्या होडयेक पालवूचो जोर आमी तुज्या हातात दिलोच नाय. ही तुजी चूक नाय, माजी आसा."

"व्हय म्हाराजा."

गौरजाने ह्या वेळी तोंड उघडलं नाही. तिच्या लक्षात आलं होतं. ती उठायला गेली तर यशोदेने तिचा हात सोडला. धरून ठेवलेल्या हाताचा होकार चालायचा नाही, हे यशोदेलाही कळत होतं. गौरजा अर्धवट उठलेली तशीच राहिली.

नर्मदेने तिच्याकडे बघितलं नाही. ती पाण्याकडे बघून बोलत राहिली.

"आता तू आपल्या मुलखात जा. जाताना आमच्या सर्वेशाक वांगडा घेऊन जा. तो आमचो हय परत येवचो नाय, ह्या आमका कळला. तेका बऱ्या बेटार ठेव. उपाशी ठेव नको. आणि आमच्यातल्या कोणाक पाण्यात बोलव नको. ही आमची सगळ्यांची तुका सांगणी आसा."

"व्हय म्हाराजा," हौसाबाई म्हणाली. सर्वेशची आई होती ती. मग यशोदा. मग बाकीच्या. मग कोणीच नाही.

लाटा येत होत्या, जात होत्या. एक कावळा करवंटीपाशी येऊन शिंपला उलटून बघून गेला. गाऱ्हाणं संपल्याशिवाय बसता येत नाही, म्हणून नर्मदा उभीच होती. हौसाबाईने सुनेकडे पाहिलं, मग मान फिरवली. गौरजा खांद्यावरच्या टॉवेलाचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. नर्मदेला वाटलं, संपलं, पोर आपल्या हातून गेली.

मग गौरजा बसली. टॉवेल मांडीवर घेतला, त्याची घडी घातली.

"भात घालशात मां थय तेका?" तिने विचारलं. नर्मदेला नाही, पाण्याला.

आणि मग, कोणाला ऐकू जाईल न जाईल असं, "व्हय म्हाराजा."

हौसाबाईने तिला कवेत घेतलं तेव्हा ती वादळानंतर पहिल्यांदा रडली. नर्मदेने करवंटी उताणी केली आणि शिंपले वाळूत विस्कटले.

पुढच्या महिन्यात सासू-सुना ओरोसला जाऊन सही करून आल्या. गौरजा जेवू लागली, खळ्यावर येऊ लागली, पाण्यात पुन्हा उतरली नाही. पण नर्मदेशी ती बोलली नाही. खळ्याच्या दुसऱ्या कडेला पाठ करून बसे. हौसाबाईने एकदोनदा मध्ये पडून बघितलं. गौरजा म्हणाली, तिने मला तो दिला आणि तिनेच नेला. नेताना माझ्या तोंडून 'व्हय' म्हणवून घेतलं. नर्मदेला रस्त्यापलीकडे उभा राहिलेला चुलतसासरा दिसायला लागला. फक्त ह्या वेळी पडवीवर सासऱ्याच्या जागी ती होती.

खेळ तर संपलाच. यशोदेने एकदा सुचवून पाहिलं की देवचार नको, निदान त्या गप्प पुरुषांच्या बेटावर तरी जाऊन येऊ. नर्मदा म्हणाली, होडी वर ओढली. कवड्या तिने यशोदेच्या वासराच्या गळ्यात बांधून टाकल्या. वासरू त्या वाजवत वाडीभर फिरे. दुपारी छपराखाली आता नुसते कावळे हाकले जात. नर्मदा बसल्या बसल्या कधी वाळूत बोट घाली, आणि काही काढायच्या आधी हात झटकी.

एक मात्र होतं. नर्मदा सुकी मासळी घेऊन बांद्याच्या आठवड्याच्या बाजाराला जाई, तेव्हा पहिल्यापासून गौरजेची टोपलीही नेई, आणि येताना तिच्या आईने दिलेली पिशवी आणी. बोलणं तुटलं, तेव्हा नर्मदेला वाटलं आता टोपली यायची नाही. पण पुढच्या बाजाराच्या सकाळी तिच्या पायरीवर टोपली होती, फडक्याने बांधलेली. बांधणारी नव्हती. नर्मदेने ती उचलली. असं मग प्रत्येक बाजाराला झालं. एकीने पायरीवर ठेवायची, दुसरीने नेऊन आणून तिच्या पायरीवर ठेवायची, मध्ये शब्द नाही.

दोन हजार दहाच्या मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, नर्मदा शेवटची बांद्याला गेली. त्यानंतर दोन दिवसांनी ती झोपेतच गेली, जयरामासारखीच, अंथरुणात. पण बाजाराच्या दिवशी तसं कोणाला काही माहीत नव्हतं, तिलाही नाही. छातीत जड वाटतंय एवढं तिने एसटीत शेजारणीला सांगितलं होतं, आणि मासळीचा वास जड असतो असंही.

बांद्याचा बाजार त्या दिवशी भरलेला. पावसाची बेगमी, तिकडे त्याला पुरुमेंत म्हणतात, तिच्यासाठी गोव्याकडचीही माणसं उतरलेली. गोलमा नऊ वाजायच्या आतच संपला. गौरजेच्या टोपलीतले बांगडे नर्मदेने आपल्या आधी विकले, नेहमी तसंच करी. मग ती गौरजेच्या आईकडे गेली. म्हातारीने पोरीची चौकशी केली. जेवते का, झोपते का, तुझ्याशी बोलते का. नर्मदा म्हणाली, जेवते, झोपते. म्हातारीने आमसुलं दिली, फणसाच्या आठळ्या, आणि आंब्याचं साठ, म्हणजे आंबापोळी, कागदात गुंडाळून. वाटेत नर्मदेने खाजं घेतलं, आल्याचं, गुळात घोळवलेलं. गौरजेला ते आवडे. ते घ्यायला तिला कोणी सांगितलेलं नव्हतं आणि ते कोणी दिलं हे पिशवी उघडणारीने आजवर विचारलेलंही नव्हतं.

ती वाडीवर उतरली तेव्हा ऊन उतरत होतं. यशोदेचं वासरू कवड्या वाजवत समोरून गेलं. नर्मदा हौसाबाईच्या अंगणात शिरली. रिकामी टोपली उलटी करून तिच्यातली वाळू नि खवलं झटकली, पायरीवर पालथी घातली, तिच्यावर माहेरची पिशवी ठेवली, आणि कुत्र्याने ओढू नये म्हणून पिशवीचा बंद टोपलीच्या काठाला बांधला. मग पायरीवर दोनदा हात आपटला. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

नर्मदेने आपली टोपली डोक्यावर घेतली आणि घराकडे वळली.